कपाट क्रमांक चारमधली बुधली

चर्चच्या मनोऱ्याला एकशे सत्तावीस पायऱ्या होत्या आणि वर गेल्यावर काय दिसते, हा प्रश्न प्रत्येक पाहुणा खाली उभा राहूनच विचारीत असे. जिनेकाका गंभीरपणे सांगत, "खालचं सगळं दिसतं." पाहुणा जरा विचारात पडे, खालचे सगळे त्याने नुकतेच पाहिलेले असे. मग तो लिफ्टची चौकशी करी. लिफ्ट नाही असे कळताच त्याला जागच्या जागी इतिहासाची गोडी लागे आणि तो मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या संग्रहालयात शिरे. संग्रहालय तळमजल्यावर होते आणि तिथे पंखा होता.

जिनेकाकांचे खरे नाव नेमणुकीच्या कागदावर होते आणि त्या कागदापुरतेच ते उरले होते. चौतीस वर्षांपूर्वी एका रंगाऱ्याच्या हाताखाली ते मनोऱ्याला चुना लावायला आले. त्याच आठवड्यात घंटा वाजवणारा म्हातारा अंथरुणाला खिळला, आणि तेव्हाच्या फादरनी शिडीवर उभ्या असलेल्या या तरुणाला विचारले, "तीन दिवस दोर ओढशील का?" तो हो म्हणाला. ते तीन दिवस अजून संपायचे होते. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, असा दोर ओढता ओढता म्हातारा गेला, ते फादर गेले, त्यांच्यानंतरचे दोघे बदलून गेले. दोराच्या टोकाला मात्र तोच माणूस लोंबकळत राहिला. आजूबाजूच्या गल्ल्यांतले लोक त्याच्या घंटेवर घड्याळे लावीत आणि तो मनगटावरच्या घड्याळावर घंटा वाजवी. ते घड्याळ कायम चार मिनिटे मागे असे. सगळा परिसर चार मिनिटे उशिरा, पण एकदिलाने चालत असे.

संग्रहालय बाईंनी काढले होते. चाळीस वर्षे शाळेत इतिहास शिकवून बाई निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांच्यापाशी इतिहास बराच शिल्लक होता आणि ऐकणारे संपले होते. अकरा वर्षांपूर्वी जिनेकाका आणि काकू, दोर बदलीच्या माणसाकडे सोपवून, मुलीच्या बाळंतपणासाठी पंधरा दिवस परगावी गेले. परतले तो मनोऱ्याखालची त्यांची सामानाची खोली राहिलीच नव्हती. भिंतींना नवा रंग होता, खिडकीला पडदा होता आणि मध्ये काचेची पाच कपाटे उभी होती. ज्या स्टुलावर बसून जिनेकाका तेवीस वर्षे डबा खात आले होते, ते पहिल्या कपाटाशेजारी दोरीच्या कुंपणात ठेवलेले होते. 'प्रार्थनेचे आसन, जुन्या काळातील' अशी चिठ्ठी त्यावर होती. स्टोव्हच्या धुराने काळवंडलेला त्यांचा कंदील 'मनोऱ्यावरील मार्गदर्शक दीप' झाला होता. आणि कपाट क्रमांक चारमध्ये, गडद लाल मखमलीवर, त्यांची तेलाची बुधली विराजमान होती.

बुधली पितळेची होती. फुगीर पोट, लांब चोच, चोचीला मध्येच एक विचित्र वळण. कोपऱ्यावरचे सायकल दुरुस्तीचे दुकान बंद झाले तेव्हा सायकलवाल्याने ती जाता जाता जिनेकाकांच्या हातात ठेवली होती. चिठ्ठी मात्र वेगळेच सांगत होती: 'पवित्र तेलाचे पात्र. काळ: सुमारे अडीचशे वर्षांपूर्वीचा. तळाशी बारा हा अंक कोरलेला असून तो बारा शिष्यांचा निदर्शक असावा.' बारा हा बुधलीचा नंबर होता. सायकलवाल्याकडे तेरा नंबरचीही होती. ती बाईंच्या हाती लागली असती, तर धर्मशास्त्रात केवढा गोंधळ झाला असता, याची कल्पनाच केलेली बरी.

जिनेकाका हे सगळे सांगणार होते. त्यांनी तोंडही उघडले होते. पण ते नेमके उद्घाटनाच्या दिवशी पोचले होते, आणि बाई भाषणात म्हणत होत्या, "हा ठेवा ज्यांनी इतकी वर्षं निष्ठेने जपला, ते आपले काका." त्यांनी हात केला, सगळ्यांनी मागे वळून पाहिले आणि टाळ्या झाल्या. टाळ्या चालू असताना, ही वस्तू सायकलच्या दुकानातली आहे, असे सांगण्याची रीत कुठेच नाही. शिवाय बाई म्हणजे बाई होत्या. जिनेकाकांच्या मुलीच्या प्रगतिपुस्तकावर सही करताना ती ओळीबाहेर गेली, म्हणून त्यांनी या गृहस्थाला दोनदा घरी परत पाठवले होते.

"मग काही बोलला नाहीत?" घरी काकूंनी विचारले.

"सगळे टाळ्या वाजवत होते."

"तुम्हीपण वाजवल्या असतील."

त्यांनी वाजवल्या होत्या.

अडचण इतकीच होती की त्या बुधलीवाचून घंटेचे चालत नव्हते. घंटा ज्या लोखंडी आसाला टांगलेली होती, त्याची दोन टोके दोन खोबणींत फिरत. डावी खोबण समोर होती. तिला कुणीही कशानेही तेल पाजावे. उजवी मात्र एका जाडजूड तुळईच्या मागे लपली होती, आणि तिथे पोचायला चोचीला तुळईभोवती वळसा घेऊन खाली वाकावे लागे. तसे वळण जिनेकाकांनी लग्नानंतर थोड्याच दिवसांत काकूंच्या स्टोव्हवर चोच तापवून स्वतः काढले होते. त्यानंतर आठवडाभर घरातल्या दुधाला यंत्राच्या तेलाचा वास येत होता, आणि काकूंच्या बोलण्याला तो अजूनही अधूनमधून येई.

तेव्हा दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, संग्रहालय बंद असताना, जिनेकाका कपाट क्रमांक चार उघडत. किल्ल्या सगळ्या त्यांच्याचकडे होत्या. पवित्र पात्रात यंत्राचे तेल भरावे, एकशे सत्तावीस पायऱ्या चढाव्यात, दोन्ही खोबणींत दहा-दहा थेंब सोडावेत, खाली येऊन पात्र रिकामे करून पुसावे आणि पुन्हा अडीचशे वर्षे मागे नेऊन ठेवावे, असा अकरा वर्षांचा क्रम होता. तो पुढेही बिनबोभाट चालला असता. पण एका सोमवारी तुंबलेल्या गटारासाठी फादरनी घाईने हाक मारली आणि बुधली पुसायची राहिली.

मंगळवारी बाईंना मखमलीवर तेलाचा रुपयाएवढा डाग दिसला.

बाईंचा चमत्कारांवर विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास धातूच्या सच्छिद्रतेवर होता, आणि तो चमत्कारांपेक्षा घातक निघाला. अडीचशे वर्षांपूर्वी मुरलेले तेल उष्णतेने बाहेर पडते आहे, असा निष्कर्ष काढून त्यांनी चिठ्ठीत एक ओळ वाढवली आणि प्राचीन वास्तूंच्या कार्यालयाला चार पानी पत्र पाठवले. चर्चचे छप्पर गळते, अशी तीन पत्रे त्या कार्यालयाने याआधी पचवली होती. या पत्राला आठव्या दिवशी उत्तर आले. लगोलग एक कारकून आला, त्याने सगळ्या वस्तू मोजल्या, यादी केली आणि पाचही कपाटांच्या दारांवर शिक्क्याच्या कागदी पट्ट्या चिकटवल्या. तीन आठवड्यांनी, गुरुवारी, तपासनीस येऊन पात्र पाहतील. आणि येतच आहेत तर मनोरा आणि घंटाही तपासतील, असे सांगून तो गेला.

पुढचा पहिला सोमवार उजाडला आणि जिनेकाका पट्टीकडे बघत उभे राहिले. सरकारी कागद जेमतेम चार बोटे रुंद होता, पण तो फाडण्याचे धैर्य त्यांनी आयुष्यात कधी कमावले नव्हते.

त्या आठवड्यातच घंटा कुरकुरू लागली आणि पुढच्या आठवड्यात किंचाळू लागली. आता प्रत्येक टोलाआधी वरून कुणाचा तरी गळा दाबल्यासारखा आवाज येई आणि मग घंटा वाजे.

"काका, रोज तीनदा वर कुणाला मारता?" कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने विचारले.

"तुझी उधारी मागायला आलेल्यांना," जिनेकाका म्हणाले. पण त्यात नेहमीचा दम नव्हता.

कारण फादरच्या कचेरीत एक खोके येऊन पडले होते. सध्याचे फादर तरुण होते, मनमिळाऊ होते आणि त्यांना प्रत्येक गोष्ट सुटसुटीत हवी असे. खोक्यात कुणा भाविकाने दिलेले दोन कर्णे आणि घंटानादाचे रेकॉर्डिंग होते.

"फार स्वच्छ आवाज आहे, काका," फादर म्हणाले. "कुठल्याशा मोठ्या चर्चच्या घंटेचा आहे. तपासनिसांनी आपली घंटा धोक्याची ठरवली, तर ती बांधून ठेवू आणि हे लावू. बटण दाबलं की झालं. तुम्हालाही आराम."

"आणि मी?"

"तुम्ही संग्रहालयाच्या दाराशी खुर्ची टाकून बसा. किती माणसं आली, तेवढं मोजा."

चौतीस वर्षे घंटा वाजवलेल्या माणसाने दाराशी बसून इतरांच्या घंटेचे रेकॉर्डिंग ऐकायचे आणि पंख्यासाठी आत शिरणारी माणसे मोजायची, याला फादर आराम म्हणत होते. आणि ते मनापासून म्हणत होते, हेच त्यातले सर्वांत वाईट होते.

"सांगून टाका की सरळ," काकू म्हणाल्या. "बुधली माझी आहे, द्या म्हणावं."

"बाईंचं काय?"

"बाईंना काय व्हायचंय? त्या काय बुधलीत राहतात?"

"अगं, त्यांनी त्यावर लेख लिहिलाय. शाळांच्या सहली आणतात त्या दाखवायला. चारचौघांत त्यांचं काय राहील?"

"आणि तुमचं चारचौघांत काय राहणार आहे? खुर्ची?"

 जिनेकाका औषधांच्या दुकानातून एक मोठी सिरिंज घेऊन आले. सिरिंज तुळईच्या अलीकडेच संपली. मग त्यांनी काठीला चमचा बांधला. चमच्यातले तेल खोबण सोडून सगळीकडे गेले, त्यातले बरेचसे त्यांच्या बाहीत. शेवटी प्लास्टिकची नळी आणून एक टोक खोबणीवर ठेवले आणि दुसऱ्या टोकाने तोंडातले तेल फुंकून पाहिले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. काकूंनीही कारण विचारले नाही. नुसती साबणाची वडी पुढे सरकवली.

गुरुवारी तपासनीस आले. किडकिडीत, मितभाषी, हातात टॉर्च. समोर येईल ती वस्तू बोटाच्या पेराने ठोकून पाहण्याची सवय. "ऊन वाढायच्या आत वरचं उरकू," असे म्हणून ते थेट जिन्याकडे वळले. मागे फादर, पुढे जिनेकाका. बाई खालीच थांबल्या. गुडघ्यांमुळे त्या मनोऱ्यावर कधीच चढल्या नव्हत्या. मात्र वरून दिसणाऱ्या देखाव्यावर त्यांनी सहा पानी माहितीपत्रक लिहिले होते.

वर पोचल्यावर तपासनिसांनी भिंत ठोकली, तुळई ठोकली, घंटाही ठोकली आणि म्हणाले, "हलवा."

जिनेकाकांनी दोर ओढला. जी किंकाळी उठली, तिने कबुतरे एकदम उडाली आणि फादरनी कानावर हात ठेवले. तपासनिसांनी तुळईवर तळहात टेकवला, वही काढली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचले, "आस झिजलेला. घंटा हलवणे धोक्याचे. कायमची बांधून ठेवावी."

"अरेरे," फादर म्हणाले. खोके कुठल्या बाजूने उघडायचे, हे ज्याने आधीच बघून ठेवले आहे, अशा माणसाचे ते अरेरे होते.

"झिजलेला नाही," जिनेकाका म्हणाले. स्वतःचा आवाज ऐकून ते स्वतःच जरा दचकले. "तेल नाहीये."

"मग घाला."

"घालता येत नाही. तुळईमागे पोचणारी बुधली कपाट चारमध्ये आहे."

तपासनिसांनी यादी काढली, टॉर्च मारला. "कपाट चारमध्ये बुधली नाही. पवित्र पात्र आहे."

"तीच."

 तपासनिसांनी वही मिटली. "आणि त्यातून पाझरणारं तेल?"

"माझं. पुसायचं राहिलं."

"म्हणजे तुम्ही पुसायला विसरलात म्हणून मी अर्धा दिवस प्रवास करून आलो?"

"छपरासाठी तीन पत्रं पाठवली होती साहेब," जिनेकाका म्हणाले. "तेव्हा आला असतात, तर तेलासाठी यावं लागलं नसतं."

फादरना खोकला आला. तपासनिसांनी जिनेकाकांकडे प्रथमच नीट पाहिले आणि म्हणाले, "चला. शिक्का आमचा आहे, मी काढतो."

"काढा. पण बाईंना मी सांगतो. तुम्ही कुणी नका बोलू."

खाली बाई कपाटाशेजारी टिपणे आणि छडी घेऊन तयारीत उभ्या होत्या. छडी दाखवण्यापुरती होती, पण वर्गातली होती. जिनेकाकांनी टोपी काढली. अकरा वर्षांपूर्वी टाळ्यांत अडकलेले वाक्य आता सापडेना, तेव्हा त्यांनी सायकलवाल्यापासून सुरुवात केली आणि स्टोव्ह, तुळई, पहिला सोमवार, सगळे न थांबता सांगितले. बाईंनी मध्ये एकदाही तोडले नाही. त्यांचा एक कान मात्र हळूहळू लाल होत गेला.

"अकरा वर्षं?"

"हो बाई."

"दर महिन्याला?"

"पहिल्या सोमवारी."

"आणि काचेवरचे बोटांचे ठसे?"

"माझेच."

"त्या ठशांसाठी मी दोन अख्ख्या सहली उन्हात उभ्या केल्या होत्या."

"तेव्हाही सांगणार होतो."

"मग का सांगितलं नाहीत? मी काय खाते माणसांना?"

या प्रश्नावर जिनेकाकांनी, फादरनी आणि तपासनिसांनीसुद्धा जमिनीकडे पाहिले. बाईंनी ते उत्तर म्हणून स्वीकारले असावे. त्यांनी छडी टेबलावर ठेवली.

"पुरावा काय?"

"चोच तुळईला बरोबर बसते."

"ऐकीव गोष्टीला मी पुरावा मानत नाही. दाखवा."

"बाई, वर दाखवावं लागेल."

"मग वर दाखवा."

पट्टी फाडली गेली, बुधलीत तेल भरले गेले आणि बाई जिना चढू लागल्या. एकशे सत्तावीस पायऱ्यांना त्यांना पन्नास मिनिटे लागली. दर वीस पायऱ्यांना त्या भिंतीला टेकून थांबत आणि, पायरीची उंची असमान आहे, हे माहितीपत्रकात का आले नाही, असे स्वतःलाच रागावत. जिनेकाका एक पायरी मागे, दोन्ही हात पुढे धरून चालत होते. ते हात कशासाठी आहेत, हे बाईंनी दोनदा विचारले. चौतीस वर्षांत प्रथमच बारा वाजून गेले तरी घंटा झाली नाही. खालच्या गल्ल्यांत लोकांनी घड्याळे कानाला लावून पाहिली.

वर जिनेकाका तुळईपाशी गुडघ्यावर बसले. चोच त्यांनी सहज पुढे सरकवली. ती तुळईला बिलगून वळली, मागे वाकली आणि टोक खोबणीवर जाऊन टेकले. मध्ये एक पान सरकावे एवढीही फट नव्हती. दहा थेंब पडले. बाई खाली वाकून टॉर्चच्या उजेडात ते सगळे पाहत होत्या.

"स्टोव्ह रॉकेलचा होता?"

"हो."

"साल?"

"लग्नानंतरचं पहिलंच."

"साल सांगा, काका."

त्यांनी साल सांगितले. बाईंनी ते तळहातावर पेनाने लिहून घेतले, आणि तेवढ्यापुरता त्यांचा चेहरा, बऱ्याच दिवसांनी खरा इतिहास हाती लागलेल्या माणसासारखा दिसला.

मग जिनेकाकांनी दोर ओढला. घंटा मुकाट्याने झोक्यावर गेली आणि टोल पडला. बाराचे टोल बारा पस्तीसला पडले. इस्त्रीवाल्यासकट निम्म्या परिसराने घड्याळे मागे घेतली, ती पूर्ववत व्हायला दोन दिवस लागले. तपासनिसांनी पान फाडून नवे लिहिले: 'आस ठीक. दर महिन्याला तेल घालावे. घंटा हाताने वाजवण्यास हरकत नाही. तीन वर्षांनी पुन्हा तपासणी.' छपराविषयीही त्यांनी दोन ओळी लिहिल्या. पण त्या कार्यालयात पोचल्यावर पहिल्या तीन पत्रांना जाऊन मिळाल्या. फादरनी खोके उघडले ते पुढच्या महिन्यात, फाटकासमोर गाड्या लावू नका, हे सांगण्यासाठी. आवाज खरोखरच स्वच्छ होता.

बाई आठवडाभर कुणाशी बोलल्या नाहीत. मग एका सकाळी त्यांनी जिनेकाकांना प्रत्येक कपाटासमोर उभे केले.

"हे आसन?"

"माझं स्टूल, बाई."

"हा दोर?"

"बारा वर्षांपूर्वी तुटलेला."

"आणि हा दीप?"

जिनेकाकांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. "तो मात्र खराच जुना आहे," ते म्हणाले. आणि कंदिलाबद्दल ते आजतागायत तेच म्हणतात.

कपाट क्रमांक चारमध्ये आता नवी चिठ्ठी आहे: 'तेलाची बुधली, क्रमांक बारा. मूळ स्थान: सायकल दुरुस्तीचे दुकान. चोचीचे वळण येथील घंटावादकाने (हयात) स्वतः दिलेले असून ते मनोऱ्यावरील तुळईच्या मापाचे आहे.' खाली साल आहे. कंसातला शब्द वाचून पाहुणे दाराकडे वळून पाहतात, आणि त्यांतले काही चक्क वर चढतात.

"चला, लेखी तरी आहात," काकू म्हणाल्या.

पुढच्या पहिल्या सोमवारी जिनेकाका किल्ली घेऊन गेले, तो बाई टेबलाशी बसलेल्या. समोर नवी वही, रकाने आखलेले: तारीख, वस्तू, नेणाऱ्याची सही, नेण्याचे कारण. जिनेकाकांनी तारीख लिहिली, बुधली लिहिले, ओळीच्या आत सही केली आणि कारणाच्या रकान्यात 'तेल' लिहून वही पुढे केली.

"पूर्ण वाक्यात लिहा," बाई म्हणाल्या.

त्यांनी वही परत ओढली, थोडा वेळ विचार केला आणि लिहिले, 'घंटेला तेल घालण्यासाठी मी माझी बुधली वर नेत आहे.'

बाईंनी वाचले. त्यांची पेन्सिल 'माझी' या शब्दावर येऊन थांबली, तिथे थोडी रेंगाळली, आणि मग त्यांनी वही मिटून किल्लीसाठी हात पुढे केला. कपाट त्यांनी स्वतः उघडून दिले.